न वाचलेलं वाक्य

आयर्लंडमधल्या मेनूथ गावात मी ज्या बाईंच्या घरी दीड वर्षाहून अधिक काळ राहिलो, त्या एका वाक्यासाठी कालव्याच्या पुलापर्यंत चालत जायच्या. जपानी वाक्य स्वयंपाकघरात उभ्याने मोठ्यांदा वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, कोट चढवायचा आणि निघायचं. पुलावर पोचलं की परत फिरायचं. घरी येईपर्यंत इंग्रजी वाक्य तयार झालं असेल तर कोट न काढताच ते लिहून ठेवायचं. नसेल तर दारातूनच पुन्हा पुलाकडे. एका वाक्यासाठी मी त्यांच्या सात फेऱ्या मोजल्या आहेत. सातवीनंतर म्हणाल्या, "आज राहू दे. माझे पाय दुखतायत, आणि वाक्यही दमलं असेल."

लॉकडाऊनमध्ये पुलाजवळ पोलिसांची, म्हणजे तिथल्या भाषेत गार्डाची, गाडी उभी असे. एकदा तिसऱ्या फेरीला गार्डाने त्यांना थांबवून कुठे निघालात असं विचारलं. बाई म्हणाल्या, "एक क्रियापद शोधतेय." तो म्हणाला, "ग्रँड, चालेल. घरापासून पाच किलोमीटरच्या आत शोधा म्हणजे झालं." हा किस्सा त्यांनी मला निदान दहादा सांगितला, आणि दर वेळी तो गार्डा थोडा थोडा देखणा होत गेला.

हे असं गमतीगमतीत लिहायला मला आवडतं. मित्रांनाही मी बाईंचे किस्से असेच सांगतो, सगळे हसतात, आणि मी योग्य ठिकाणी थांबतो. आज थांबायचं नाही असं ठरवलं आहे. बघू या.

बाई सत्तरी ओलांडलेल्या. वडील तिथलेच शेतकरी. तेविसाव्या वर्षी जपानला एका शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून दोन वर्षांसाठी गेल्या आणि सव्वीस वर्षं राहिल्या. लग्न केलं नाही. परत का आलात असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "किटली बघ उकळली का." किटली मी लावलीच नव्हती. पुन्हा विचारलं नाही.

मी तिथल्या विद्यापीठात कॉम्प्युटरचं मास्टर्स करायला पुण्याहून गेलेलो. २०२०च्या फेब्रुवारीत त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आलो, मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो. बाई हातानेच लिहायच्या. कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्या नकोशा जावयाबद्दल बोलावं तसं बोलत. त्यांचं लिहिलेलं टाइप करणं, आलेल्या ईमेल वाचून दाखवणं आणि त्या सांगतील ते उत्तर पाठवणं ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. मला ती आवडलीही. कॉलेजात एका एकांकिकेला बक्षीस मिळालं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मी मनातल्या मनात स्वतःला लेखक समजत असे.

लिहून झालेली पानं बाई हॉट प्रेसमध्ये ठेवत. आयर्लंडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, टॉवेल, चादरी उबदार ठेवायला. ते हॉट प्रेस. तिथे टॉवेलांच्या मधे भाषांतराची पानं आठ-पंधरा दिवस मुरत पडायची. मी म्हटलं, आमच्याकडे लोणचं असं ठेवतात. त्यांना ते फार पटलं. त्यानंतर एखादं पान कच्चं वाटलं की त्या मला म्हणायच्या, "हे अजून लोणचं झालेलं नाही," आणि ते पुन्हा टॉवेलांत जायचं.

त्या एकाच लेखकाचं भाषांतर करायच्या. आयर्लंडमध्ये कुणाही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. बाई त्या लेखकालाही तेच म्हणत. युअर मॅन एका लहानशा बंदराच्या गावी राहायचा. सगळी नोकरी त्याने नगरपालिकेच्या पाणीखात्यात, घरोघरचे मीटर तपासण्यात काढली. ऑफिसला जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचं, भांडी घासायची आणि निघायचं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे होता. फोटो देत नसे, मुलाखती देत नसे. बाई त्याला एकदाच भेटल्या होत्या, त्याच्या गावच्या स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात. पाऊण तास दोघं मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोलले.

"आणि पुस्तकाबद्दल?" मी विचारलं.

"पुस्तकाबद्दल कशाला? पुस्तक मी वाचलं होतं ना."

त्यानंतर तो त्यांना दर नव्या वर्षाला एक पत्र लिहायचा, आणि ते पत्र बाई दिवसभर कोटाच्या खिशात घेऊन हिंडायच्या. दोन पुस्तकं झाली होती, हे तिसरं. जगात आपली भाषा एकाच माणसाला कळते असं बाईंना वाटत होतं, आणि तो माणूस हा होता. ते त्या कधी बोलल्या नाहीत. दीड वर्ष एका घरात राहिल्यावर हे कळायला बोलावं लागत नाही.

त्याचं लिहिणं असं, की पहिल्यांदा वाचताना वाटावं यात काय आहे? छोटी वाक्यं. दरवाजा सरकवला, चपला काढल्या, तांदूळ धुतले. सबंध कादंबरीत एक उपमा नाही. कुणी रडत नाही, आणि रडलंच तर लेखक त्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो. लंडनच्या प्रकाशनसंस्थेतली संपादिका दर पत्रात लिहायची, की पाश्चात्त्य वाचकाला थोडं हाताला धरून न्यायला हवं. बाईंचं यावर एकच उत्तर असे: "वाचकाला कडेवर घेऊ नये. त्याला पाय आहेत."

या तिसऱ्या कादंबरीत एक बाई आहे, समुद्राकाठी छोटी खानावळ चालवणारी. जपानी घरात न्हाणीतला हौद एकदाच भरतात आणि घरातले सगळे पाळीपाळीने त्याच पाण्यात उतरतात. मोठ्या माणसाची पाळी आधी. ही बाई रोज संध्याकाळी हौद कढत पाण्याने भरते. पहिली पाळी तिच्या भावाची. ती बाहेर बसून भाजी निवडते, हिशेबाने वेळ जाऊ देते, मग उठून न्हाणीत जाते आणि गार झालेल्या पाण्यात अंघोळ करते. दर प्रकरणात हे येतं. भाऊ येत नाही. तो कुठे आहे हे लेखक सांगत नाही, आणि ती कुणाला विचारत नाही.

हे पहिल्यांदा येतं त्या प्रकरणाचं भाषांतर करायच्या आधी बाईंनी आठवडाभर रोज टब कढत पाण्याने भरला, गार होऊ दिला आणि त्यात बसल्या. पाणी किती वेळात निवतं आणि कुठल्या क्षणी त्याला आपली दया येईनाशी होते, हे त्यांना बघायचं होतं. एप्रिलमधली थंडी. आठव्या दिवशी त्यांना सटासट शिंका सुरू झाल्या. २०२०चा एप्रिल, सत्तरीच्या बाई आणि शिंका! मी मास्क लावून जिन्यात उभा, आणि आतून त्या ओरडतायत, "घाबरू नकोस, हा साहित्याचा परिणाम आहे." टेस्ट करवली. निगेटिव्ह आली. मी त्या रात्री शांत झोपलो.

प्रकरण टाइप करून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, माझी एक आत्या आहे कोल्हापूरला. तिचे यजमान मी चार वर्षांचा असताना घरातून निघून गेले. आत्या रोज संध्याकाळी कणीक भिजवताना त्यांच्या वाटणीची दोन मुठी जास्त घ्यायची. सकाळी त्या पोळ्या गाईला जायच्या. कपाळाचं कुंकू तसंच. आम्हा मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

बाईंनी टाइप केलेली पानं उचलून नीट रचली. मग म्हणाल्या, "तू मला भाऊ कुठे आहे असं विचारलं नाहीस. या घरात आलेल्या प्रत्येकाने विचारलं." त्याच दिवशी, प्रुफं वाचायला त्यांनी मलाच बसवायचं ठरवलं.

ऑक्टोबरमध्ये लंडनहून ईमेल आली. संपादिकेने लिहिलं होतं, की पुस्तक सुंदर आहे, पण आमच्याकडे ज्यांनी वाचलं ते सगळे एकच प्रश्न विचारतायत, भावाचं काय झालं? एक वाक्य घाला. एकच. मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "लिही, नाही." मी लिहिलं, नाही. पंधरा दिवसांनी तेच, जरा लांबण लावून. बाई म्हणाल्या, "लिही, अजूनही नाही." तिसऱ्या खेपेला त्यांनी मला उत्तरही लिहू दिलं नाही, कोट घालून पुलावर गेल्या.

चौथी ईमेल मी वाचून दाखवली नाही.

तिच्यात लिहिलं होतं, की हे झालं नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर ढकलावं लागेल. मी स्वतःला सांगितलं, बाईंचं वय झालंय, पुढचं वर्ष कुणी बघितलंय, मी पुस्तक वाचवतोय. हे कारण मी पुढे मित्रालाही सांगितलं आणि त्याला पटलं. पण खरं कारण ते नव्हतं. तेव्हा माझं मास्टर्स संपलं होतं, नोकरी मिळत नव्हती, दिवसाला चार नकार यायचे. आणि माझ्या डोक्यात एक वाक्य आलं होतं. आंघोळ करताना आलं, आणि आल्याबरोबर मला ते इतकं आवडलं की मी ओल्या अंगाने बाहेर येऊन फोनवर लिहून ठेवलं. ते छापलेलं बघायची मला हाव सुटली. हाव हाच शब्द बरोबर आहे.

वाक्य असं होतं: 'भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.'

बाईंच्या नावाने, बाईंच्या थाटात, मी ते पाठवून दिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: अप्रतिम, हेच हवं होतं. ते उत्तर मी चार वेळा वाचलं आणि अशा फोल्डरमध्ये टाकलं जो त्या कधी उघडणार नव्हत्या. तसा त्या कुठलाच उघडणार नव्हत्या.

माझा कॉलेजचा मित्र आयर्लंडमध्येच, स्लायगोच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. त्याला फोन करून वाक्य वाचून दाखवलं.

"अरे भारी! म्हणजे तू पब्लिश्ड ऑथर झालास की यार!"

"नाव नाहीये माझं."

"नाव काय, येईल नेक्स्ट टाइम. तुझ्या बाईंना आवडलं?"

"हो, आवडलं," मी म्हटलं. खोटं बोलायला सुरुवात झाली की जीभ आपोआप वळते.

जानेवारीत प्रुफं आली. बाईंची प्रुफं तपासायची रीत अशी: मी समोर बसून इंग्रजी मोठ्यांदा वाचायचं, आणि त्या मांडीवर जपानी पुस्तक ठेवून, बोट ओळीवरून सरकवत, नुसतं ऐकणार. डोळे स्वतःच्या चुका माफ करतात, कान करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रोज दोन तास, स्वयंपाकघरातल्या रेंजच्या, म्हणजे दिवसभर तापणाऱ्या मोठ्या शेगडीच्या, उबेला. मधे एकदा चहा.

एकेचाळिसाव्या पानावर आलो. मी रीतसर वाचत होतो. हौद भरला. ती भाजी निवडायला बसली. मग माझं वाक्य आलं, मी त्याच्यावरून उडी मारली आणि पुढच्या वाक्यावर उतरलो. आवाज हलला नाही. बाईंचं बोट जपानी ओळीवरून बरोबर माझ्या वेगाने सरकलं. परिच्छेद संपल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "हे आता झालं." मी चहा ठेवायला उठलो. पाठमोरा उभा राहून मी त्या वेळी गालात हसलो होतो. सुटलो म्हणून. आजही मला सगळ्यात लाज वाटते ती त्या हसण्याची.

मेमध्ये पुस्तक आलं. छापून आलेलं आपलं पुस्तक बाई उघडत नसत. मुलगी सासरी गेली की तिची पेटी तपासू नये, अशा अर्थाचं काहीतरी म्हणायच्या. पण परीक्षणं मी वाचून दाखवायचो. डब्लिनच्या एका वर्तमानपत्रात मोठं कौतुक आलं, आणि परीक्षणकर्त्याने सबंध पुस्तकातलं एकच वाक्य उद्धृत केलं होतं. कुठलं ते सांगायला नको. वाचताना मी पुन्हा उडी मारली. आता सरावाने जमत होतं. खोलीत जाऊन मात्र ते कात्रण मी कितीतरी वेळा वाचलं, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्या आख्ख्या कादंबरीतला तो एकुलता एक दागिना होता, आणि तो माझा होता.

जुलैत जपानहून पत्र आलं. नव्या वर्षाचं नव्हे, मधलंच. बाईंनी ते टेबलापाशी उभ्याने वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून माझ्यासाठी इंग्रजीत करत वाचलं. सुरुवातीला पावसाची चौकशी, तब्येतीची चौकशी, पुस्तकाबद्दल आभार. मग लिहिलं होतं: 'मी इंग्रजी फार सावकाश वाचतो. एकेचाळिसाव्या पानावर मला कळलं, की तो भाऊ वारलेला आहे. मी सहा वर्षं त्या बहिणीबरोबर रोज सकाळी बसत होतो. हे मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं असं मला वाटतं.'

बाईंनी पत्र खाली ठेवलं. "पुस्तक आण," म्हणाल्या. "एकेचाळीस. वाच."

या वेळी उडी मारायला जागा नव्हती. मी वाचलं. माझं वाक्य त्या स्वयंपाकघरात मोठ्यांदा कसं वाटतं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. नटवं वाटलं. आत्यासमोर कुणी असं चटकदार काहीतरी म्हटलं असतं, तर? गेले बरं का ते, अकरा वर्षं झाली, तुझ्या कणकेला कुणी सांगितलं नाही वाटतं. घरात कुणाची टाप नव्हती. आणि भाऊ कुठे आहे हे विचारायचं नसतं हे ज्याला समजलं होतं, त्या मीच त्या भावाला मारून टाकलं होतं, तेही वर्षांचा आकडा लावून.

बाई खिडकीकडे बघत होत्या. "देखणं आहे," म्हणाल्या. "युअर मॅनच्या हातून इतकं देखणं कधी लिहिलं जाणार नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे लंडनने केलं?"

प्रश्न सोपा होता. दोन उत्तरं होती.

"हो," मी म्हटलं. "लंडनने केलं असणार. प्रुफांनंतर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुस्तक मिटलं. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि कोट न घालता पुलाकडे गेल्या. पाऊस होता.

लेखकाला उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने जपानीत लिहिलं. तीन दिवस लागले. पाकीट बंद करताना मी विचारलं, लंडनबद्दल कळवलंत का? म्हणाल्या, "कळवलं, की वाक्य माझं आहे. पुस्तकावर भाषांतरकार म्हणून नाव माझं आहे, मग वाक्य दुसऱ्या कुणाचं असणार?" मी तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पोस्टात टाकून येऊ का?" आणि टाकून आलो.

त्या संध्याकाळी मित्राला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "अरे मग सांगून टाक ना बाईंना. काय करतील जास्तीत जास्त? रागावतील. इतकंच ना?"

"तेवढंच नाही ना."

"मग काय?"

मी फोन ठेवून दिला. रागावल्या असत्या तर बरंच होतं. मला भीती ही होती, की त्या रागावणार नाहीत.

सप्टेंबरात लेखकाचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. इतक्या वर्षांच्या कष्टांबद्दल ऋणी असल्याचं लिहिलं होतं, सोबत मुळ्याच्या लोणच्याचं पाकीट. आणि शेवटी, की पुढचं पुस्तक तूर्त जपानीतच राहू द्यावं असं त्याला वाटतं. बाईंनी पुढच्या पुस्तकाची चाळीसेक पानं आधीच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी हॉट प्रेस उघडलं तर आत नुसते टॉवेल होते. पानांचं काय केलं हे मी विचारलं नाही. पुलावरच्या फेऱ्या बंद झाल्या. त्या आता सकाळी रेडिओ ऐकत बसायच्या, आणि मला म्हणायच्या की आराम पडला, फार चालणं होत होतं.

ऑक्टोबरात मला गॉलवेला नोकरी लागली, मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत. निघताना बाई दारापर्यंत आल्या. मला डबा दिला, मफलर नीट केला. म्हणाल्या, "तुझा आवाज वाचायला चांगला आहे. मला फार मदत झाली."

मी बॅग उचलली.

"पुढे कुणाला वाचून दाखवलंस," त्या म्हणाल्या, "तर सगळं वाच. लिहिलेलं असेल ते सगळं." आणि दार हळूच लावून घेतलं. त्यांना ठाऊक होतं. पत्र आलं त्या दिवशी मी 'लंडन' म्हणालो, तेव्हाच ठाऊक झालं असणार. वर्षभर त्यांच्याच कानांनी मला ऐकलं होतं. त्या वाट बघत राहिल्या होत्या, आणि मी येत नव्हतो.

गॉलवेला माझं उत्तम चाललं आहे. लेखकाचा पत्ता माझ्याकडे आहे, पाकिटावरून मीच उतरवून घेतला होता. बाईंचा तर पाठच आहे. लेखक इंग्रजी सावकाश वाचतो, पण वाचतो. माझं इंग्रजी किती चांगलं आहे हे तर वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे. तरीही हे सगळं मी मराठीत लिहिलं. त्या दोघांपैकी एकालाही हे वाचता येणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.